सोलापूरच्या यंत्रमाग कारखान्यात लीन उत्पादन पद्धत कशी रुजवावी

लीन, म्हणजे अपव्यय टाळून काम करण्याची, उत्पादन पद्धत म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे मोटारींचे अवाढव्य कारखाने आणि तक्त्यांनी भरलेल्या भिंती येतात, आणि सोलापूरच्या पूर्व भागात किंवा अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीत बारा-सोळा माग चालवणारा कारखानदार ‘हे आपल्या कामाचे नाही’ असे म्हणून विषय बाजूला ठेवतो. वास्तविक ही पद्धत मागावरच जन्मली आहे. जपानमधील साकिची टोयोडा या सुताराच्या मुलाने १९२४ मध्ये जो स्वयंचलित माग सिद्ध केला, त्यात उभा धागा तुटला की माग आपोआप थांबत असे आणि कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) संपत आली की माग न थांबवता धोटा (ती कांडी इकडून तिकडे नेणारा भाग) बदलला जात असे. या मागाच्या पेटंटचे हक्क १९२९ मध्ये प्लॅट ब्रदर्स या ब्रिटिश कंपनीने विकत घेतले, साकिची यांचा मुलगा किइचिरो मोटारींकडे वळला, आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. ज्या ताइइची ओहनो यांनी पुढे टोयोटाची उत्पादन पद्धत घडवली, तेही १९३२ मध्ये याच घराण्याच्या सूत व विणकाम कंपनीत नोकरीला लागले होते. ‘लीन’ हे नाव तिला बरेच उशिरा, १९८८ मध्ये, जॉन क्राफसिक या अमेरिकी संशोधकाने दिले.

हा इतिहास सांगण्याचे कारण असे, की या पद्धतीचे दोन्ही पाय मागाजवळ उभे राहून सर्वांत स्वच्छ दिसतात. दोष निर्माण झाला की काम त्याच क्षणी थांबावे आणि दोषाचे कारण तिथेच शोधले जावे, हा पहिला पाय. पुढच्या टप्प्याला जेवढे हवे तेवढेच आणि हवे तेव्हाच मागच्या टप्प्याने तयार करावे, हा दुसरा. बाकी सारी साधने या दोहोंच्या सेवेसाठी आहेत. पुढील मांडणी टॉवेलच्या कारखान्याला समोर ठेवून केली आहे. चादरीच्या किंवा गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातही तपशील बदलून ती लागू पडते.

थांबलेल्या मिनिटांची नोंद

सुरुवात साफसफाईपासून, रंगीत पट्ट्यांपासून किंवा संगणकापासून करू नये. सुरुवात थांबलेल्या मागापासून करावी, कारण पैसा तिथे जातो आणि तिथला हिशोब बहुतेक कारखान्यांत कोणीच ठेवत नाही. आज किती टॉवेल निघाले हे प्रत्येक कारखानदाराला ठाऊक असते. पण किती निघू शकले असते आणि ते का निघाले नाहीत, याचे उत्तर अंदाजाने दिले जाते.

समजा, मागाचा वेग मिनिटाला १२० पिकांचा आहे (पीक म्हणजे आडवा धागा एकदा टाकणे). आठ तासांच्या पाळीत ४८० मिनिटे असतात, म्हणजे माग एकदाही थांबला नाही तर ५७,६०० पिके पडतील. साठ इंच लांबीच्या टॉवेलमध्ये इंचाला ४० पिके धरली, तर एका टॉवेलला २,४०० पिके लागतात आणि पाळीत जास्तीत जास्त २४ टॉवेल निघू शकतात. प्रत्यक्षात १५ निघत असतील, तर कार्यक्षमता साडेबासष्ट टक्के झाली आणि ४८० पैकी १८० मिनिटे माग उभा होता. आपल्या मागाचा वेग, लांबी आणि पिके घालून प्रत्येकाने हा हिशोब स्वतः मांडावा. तो मांडल्यावर नऊ टॉवेल गेले कुठे हा प्रश्न आपोआप उभा राहतो, आणि पुढचे सगळे काम म्हणजे त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे.

त्यासाठी चार माग निवडावेत आणि प्रत्येक मागाला एक जाड कागद टांगावा. कागदावर थांबण्याची कारणे आधीच छापलेली असावीत: उभा धागा तुटला, आडवा धागा तुटला किंवा कांडी संपली, बीमची (उभे धागे गुंडाळलेल्या रुळाची) वाट, जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराची) वाट, कामगार दुसऱ्या मागावर गुंतलेला, वीज. विणकराने तिथे लेखनकाम करत बसू नये. त्याने फक्त कारणापुढे एक रेघ मारावी. मिनिटे मोजण्याचे काम सुरुवातीचे दोन आठवडे कारखानदाराने किंवा त्याच्या घरातील व्यवसायात येऊ पाहणाऱ्या मुला-मुलीने घड्याळ घेऊन मागाजवळ उभे राहून करावे. हे काम पगारी माणसावर सोपवले तर आकडे मिळतात, पण आकड्यांमागे प्रत्यक्ष काय घडते हे मालकाला कळत नाही, आणि या पद्धतीचे निम्मे मोल तर त्या पाहण्यातच आहे. कागदावरील मजकूर मराठीबरोबर तेलुगूतही असावा, आणि जिथे कन्नड बोलणारे कामगार आहेत तिथे कन्नडमध्येही. सोलापूरच्या मागावर तिन्ही भाषा चालतात. ज्याला कागद वाचता येत नाही, त्याच्याकडून खरी नोंद मिळणार नाही.

दोन आठवड्यांनी बेरीज केली की चित्र बहुधा अनपेक्षित निघते. उदाहरणादाखल १८० मिनिटांची फोड अशी धरू: कांड्या बदलण्यात ५० मिनिटे, तुटलेले उभे धागे जोडण्यात ४५, जॉबरची वाट पाहण्यात ३५, बीमसाठी २५, कामगार दुसऱ्या मागावर असल्यामुळे १५ आणि वीज गेल्यामुळे १०. कारखानदारांच्या बोलण्यात विजेचा आणि कामगारांच्या कामचुकारपणाचा उल्लेख सर्वांत आधी येतो. प्रत्यक्ष कागदावर मात्र कांडी, धागा आणि जॉबर ही तीन कारणे पुढे येतात, आणि ही तिन्ही कारखान्याच्या चार भिंतींच्या आत सुटणारी आहेत.

मग कारणाच्या मुळाशी जावे. कांड्या बदलण्यात ५० मिनिटे का जातात? कारण कांड्या लवकर संपतात. लवकर का संपतात? कारण त्या पूर्ण भरलेल्या नसतात. पूर्ण का भरत नाहीत? कारण कांडी भरण्याच्या यंत्राच्या काही चात्या (कांडी फिरवणारे दांडे) झिजल्या आहेत आणि कांडी भरणाऱ्या बाईला नगांवर मजुरी मिळते, त्यामुळे अर्धवट भरलेल्या कांडीचा तोटा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. इथे कोणाला रागावून काही साधणार नाही. चात्या बदलणे आणि मजुरी भरलेल्या सुताच्या वजनावर देणे, हे दोन उपाय पुरतात. ‘का’ हा प्रश्न चार-पाच वेळा विचारल्यावर उत्तर माणसापाशी न थांबता व्यवस्थेपाशी येऊन थांबले, तर तपास योग्य दिशेने झाला असे समजावे.

उन्हाळ्यातील दुपार

उभा धागा तुटण्याच्या नोंदीपुढे वेळही लिहून ठेवावी, असा माझा आग्रह आहे. सोलापूरच्या मार्च ते मे या महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो आणि हवा कोरडी होते. कापसाचा धागा हवेतील ओलावा शोषून बळकट राहतो. प्रमाण हवामानात त्याच्या कोरड्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा त्यात असतो. हवा सुकली की हा ओलावा निघून जातो, धागा ठिसूळ होतो, त्यावरचे तंतू उठतात आणि तूट वाढते. सुती विणकामासाठी शेडमधील सापेक्ष आर्द्रता साधारणपणे ७५ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान असावी असे मानले जाते. दुपारी बारा ते चार या वेळेतल्या रेघा सकाळच्या रेघांहून स्पष्टपणे जास्त दिसल्या, तर सुताच्या व्यापाऱ्याशी भांडण्यापूर्वी शेडमध्ये आर्द्रतामापक लावावा. हे उपकरण स्वस्त आहे आणि त्याचा खर्च कोणत्याही कारखान्याला जड जाणार नाही.

उपाय परिस्थितीप्रमाणे ठरतील. पश्चिमेकडील झडपांना ओले तट्टे लावणे, पत्र्याला पांढरा उष्णतारोधक रंग देणे, बारीक तुषार सोडणारी यंत्रणा बसवणे, असे पर्याय आहेत. पाण्याची ओढ असलेल्या शहरात जमिनीवर बादल्या ओतण्यापेक्षा तुषार यंत्रणा कमी पाण्यात काम करते. पण कोणताही उपाय एकदम सगळ्या शेडला करू नये. आधी शेडच्या एका कोपऱ्यात करून तिथल्या रेघा कमी होतात का ते पाहावे, आणि कमी झाल्या तरच पुढे जावे. सुधारणा आणि खर्च यांतला फरक या एका सवयीने कळतो.

दोषावर थांबणारा माग

साध्या यंत्रमागावर उभा धागा तुटला आणि विणकराचे लक्ष दुसऱ्या मागावर असले, तर तुटलेल्या धाग्याची रेघ हातभर लांब जाते आणि तो टॉवेल सेकंड (कमी प्रतीच्या) मालात जातो. धागा तुटताच पट्टी खाली पडून माग थांबवणारी यंत्रणा अनेक मागांवर मुळात नसते, आणि असते तिथे ‘सारखा माग थांबतो’ म्हणून ती बांधून ठेवलेली आढळते. सारखा थांबणारा माग काहीतरी सांगत असतो. त्याचे तोंड बांधणे हा सर्वांत महाग उपाय आहे. बांधून ठेवलेली यंत्रणा आधी मोकळी करावी, दोन-चार मागांवर नवी बसवून पाहावी आणि सेकंड मालाचे प्रमाण आधी व नंतर मोजावे. या यंत्रणेचा खरा लाभ असा, की विणकराला धाग्यांवर पहारा देत बसावे लागत नाही, त्यामुळे त्याचे डोळे आणि हात जिथे खरोखर गरज आहे तिथे लागतात. टोयोडांच्या मागाने एका माणसाला अनेक माग सांभाळता येऊ लागले, ते याच कारणाने.

जॉबरला बोलावण्यासाठीही एक साधी खूण ठरवावी. मागांच्या आवाजात हाक ऐकू येत नाही आणि विणकर जॉबरला शोधत शेडभर फिरतो. त्या वेळात त्याचा दुसरा मागही थांबतो. प्रत्येक मागावर दोरीने वर जाणारे दोन झेंडे लावावेत, लाल म्हणजे बिघाड आणि पिवळा म्हणजे बीम संपत आला. जॉबरची हत्यारे कपाटात न ठेवता चाकांच्या गाड्यावर ठेवावीत आणि नेहमी लागणारे सुटे भाग त्याच गाड्यावर असावेत. या दोन गोष्टींनी पस्तीस मिनिटांतली निदान निम्मी परत मिळावीत, अशी अपेक्षा धरायला हरकत नाही.

मजुरीचा प्रश्न आधी सोडवावा

हे सर्व कामगारांच्या मनाविरुद्ध होणार नाही आणि होऊही नये. आपल्याकडे बरीच मजुरी नगांवर दिली जाते. अशा ठिकाणी नोंद ठेवण्यासाठी माग थांबवला, नवा उपाय करून पाहिला किंवा दोष दिसताच माग बंद केला, तर त्याची किंमत थेट विणकराच्या मजुरीतून जाते. मग तो रेघ कशाला मारील? म्हणून प्रयोगाच्या चार मागांवरील कामगारांना आधीच्या तीन महिन्यांची सरासरी मजुरी हमखास मिळेल, असे पहिल्याच दिवशी सांगावे आणि पाळावे.

दुसरे वचन त्याहून महत्त्वाचे आहे. सुधारणेमुळे कोणाचेही काम जाणार नाही, हे मालकाने सर्वांसमोर सांगितले पाहिजे. जुनी गिरणी, लक्ष्मी-विष्णू आणि नरसिंग गिरजी या गिरण्या बंद होताना या शहराने पाहिल्या आहेत. ‘सुधारणा’ हा शब्द ऐकून इथल्या कामगाराच्या मनात शंका आली तर ती रास्त आहे. ज्या कारखान्यात पहिली सुधारणा झाल्यावर दोन माणसे कमी केली जातात, तिथे दुसरी सुधारणा कधीच सुचवली जात नाही. वाचलेल्या वेळेतून जे उत्पन्न वाढते, त्यातला ठरलेला वाटा कामगारांना द्यावा आणि तो दिवाळीच्या बोनसमध्ये मिसळून न टाकता दरमहा वेगळा दाखवावा.

आठवड्यातून एकदा पाळी बदलताना पंधरा मिनिटे मागाजवळ उभ्याने बैठक घ्यावी. त्यात मालकाने कमी बोलावे. सुचवलेल्या प्रत्येक गोष्टीला आठवड्याच्या आत उत्तर मिळावे, मग ते नकाराचे असले तरी चालेल. कांडी भरणाऱ्या आणि शिलाई करणाऱ्या स्त्रियांना या बैठकीत आवर्जून बोलवावे. मालाचा दोष सर्वांत आधी त्यांच्या हाताला लागतो आणि सर्वांत शेवटी त्यांना विचारले जाते.

टप्प्यांमधल्या थप्प्या

आता दुसरा पाय, म्हणजे हवे तेवढेच आणि हवे तेव्हाच तयार करणे. सूत आल्यापासून गठ्ठा बाहेर पडेपर्यंत मालाचा एक लॉट धरून त्याच्या मागे चालत जावे: रंगाई, कोनावर सूत घेणे, वार्पिंग (उभे धागे बीमवर गुंडाळणे), पायाचा (मूळ कापडाचा) आणि लूपचा (टॉवेलवरच्या धाग्याच्या फासांचा) असे दोन बीम, विणकाम, कापणी, शिलाई, तपासणी, घडी, गठ्ठा. प्रत्येक टप्प्यावर प्रत्यक्ष काम किती वेळ झाले आणि माल नुसता किती वेळ पडून होता, हे दोन आकडे लिहावेत. काम तासांत मोजले जाते आणि पडून राहणे दिवसांत, असे जवळजवळ प्रत्येक ठिकाणी दिसून येते.

पडून राहण्याचे दिवस काढण्याची सोपी रीत आहे. अर्धवट मालाचे नग मोजावेत आणि त्यांना रोजच्या उत्पादनाने भागावे. सोळा माग, दोन पाळ्या आणि पाळीला १५ टॉवेल धरले तर रोज ४८० टॉवेल निघतात. विणकामानंतर गठ्ठ्यापर्यंत ७,२०० टॉवेल पडलेले असतील, तर आज मागावरून उतरलेला टॉवेल बाहेर पडायला पंधरा दिवस लागतील. हा साठा २,४०० वर आणला तर तोच टॉवेल पाच दिवसांत बाहेर पडेल, आणि एका टॉवेलमध्ये शंभर रुपये सूत-मजुरी अडकली आहे असे धरले, तर ४,८०० टॉवेलचे ४ लाख ८० हजार रुपये मोकळे होतील. व्याजाने खेळते भांडवल उचलणाऱ्या कारखानदाराला या आकड्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

साठा कमी करण्यासाठी जोर लावून शिलाई उरकणे हा मार्ग टिकत नाही. मर्यादा घालावी लागते. विणकाम आणि शिलाई यांच्यामध्ये जमिनीवर ठरावीक चौकोन आखावेत, प्रत्येक चौकोनात शंभर टॉवेलचा एक गाडा, आणि चौकोन भरले की कापणी थांबवावी. वार्पिंगचेही तसेच: भरलेल्या बीमसाठी ठरावीक घोड्या (बीम ठेवण्याचे स्टँड) असाव्यात, घोडी रिकामी झाली तरच पुढचा बीम भरावा, आणि कोणत्या डिझाइनचा भरावा हे रिकाम्या घोडीवर टांगलेल्या पाटीने ठरावे. वार्पर मोकळा बसलेला पाहून मालकाला चुटपुट लागते, पण मागणी नसलेल्या रंगाचा बीम भरून ठेवण्यापेक्षा वार्परने त्या वेळेत यंत्राला तेलपाणी केलेले केव्हाही चांगले. गरजेपेक्षा जास्त उत्पादन हा ओहनोंनी सांगितलेल्या सात अपव्ययांतला सर्वांत वाईट मानला जातो, कारण उरलेल्या सहांना, म्हणजे वाट पाहणे, वाहतूक, अनावश्यक प्रक्रिया, साठा, अनावश्यक हालचाल आणि सदोष माल यांना, तो पोटात लपवतो.

शिलाईची क्षमता किती असावी, याचाही हिशोब करता येतो. शिलाई एका पाळीत चालते आणि जेवण-चहाचा अर्धा तास वजा जाता ४५० मिनिटे मिळतात असे धरू. ४८० टॉवेल शिवायचे तर दर ५६ सेकंदांना एक टॉवेल शिलाईतून बाहेर पडला पाहिजे. एका टॉवेलला तीन मिनिटे लागत असतील, तर तीनपेक्षा थोडी जास्त माणसे लागतात. म्हणजे चौघी बसवल्या तर काम निवांत होते, तिघी बसवल्या तर रोज थप्पी वाढत जाते. बहुतेक ठिकाणी थप्पीचे कारण इतके साधे असते, आणि ते न पाहता दोष कामाच्या गतीला दिला जातो.

बीम आणि डिझाइन बदलताना

छोट्या ऑर्डरी परवडत नाहीत याचे कारण बदलीला लागणारा वेळ. बीम उतरवून नवा चढवणे, धागे जोडणे, जॅकार्डची (नक्षी विणणाऱ्या यंत्रणेची) कार्डे बदलणे यात माग तासन्‌तास उभा राहतो, म्हणून एकदा चढवलेले डिझाइन महिनाभर काढले जाते आणि गोदाम भरते. जपानी अभियंते शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १९६९ च्या सुमारास एका हजार टनी दाबयंत्राची बदली चार तासांवरून आधी दीड तासावर आणि नंतर तीन मिनिटांवर आणली. त्यांची रीत कोणत्याही यंत्राला लागू होते. बदलीची कामे दोन गटांत विभागावीत: माग थांबल्याशिवाय होतच नाहीत अशी, आणि माग चालू असताना उरकता येतील अशी. पुढचा बीम मागाशेजारी आणणे, कार्डांची साखळी तपासून टांगून ठेवणे, फणी स्वच्छ करून ठेवणे, नट-बोल्टचे पाने आणि गाठी मारण्याचे यंत्र हाताशी आणणे, ही सारी दुसऱ्या गटातली कामे आहेत. तरीही ती माग थांबल्यावर सुरू होतात. एका बदलीचे मोबाइलवर चित्रण करून जॉबर आणि विणकर यांच्यासह पाहावे. कुठे चालत गेलो, काय शोधले, कशासाठी थांबलो हे त्यांचे त्यांनाच दिसते आणि उपायही तेच सुचवतात. पिवळा झेंडा वर गेला की ही तयारी सुरू व्हावी, एवढा नियम पुरेसा आहे.

वजनात जाणारे सूत

टॉवेलच्या धंद्यातला एक तोटा कोणत्याच रजिस्टरमध्ये दिसत नाही. ग्राहकाला ४०० ग्रॅमचा टॉवेल ठरला आहे आणि मागावरून सरासरी ४१२ ग्रॅमचा निघतो आहे, तर नगामागे १२ ग्रॅम सूत फुकट जाते. ४८० टॉवेलमागे रोज पावणेसहा किलो. माल जड निघाला म्हणून ग्राहक तक्रार करत नाही, म्हणून हे वर्षानुवर्षे चालते. प्रत्येक मागावरील पाच टॉवेल आठवड्यातून एकदा वजन करून भिंतीवरच्या कागदावर ठिपके मांडावेत. ज्या मागाचे ठिपके वर सरकलेले दिसतात, त्याच्या लूपच्या बीमचा ताण आणि लूपची उंची जॉबरकडून तपासून घ्यावी. जो माग कधी जड तर कधी हलका विणतो, तो सतत जड विणणाऱ्या मागापेक्षा अधिक त्रासाचा, कारण त्याच्यापायी सगळ्यांचेच वजन सुरक्षिततेसाठी वर ठेवावे लागते.

जागेची शिस्त

अनावश्यक वस्तू काढणे, उरलेल्यांना ठरावीक जागा देणे, झाडलोट, तिचे नियम आणि ते पाळण्याची सवय, या पाच पायऱ्या ‘फाइव्ह एस’ या नावाने सर्वांना माहीत आहेत, म्हणून त्यांवर जास्त लिहीत नाही. एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रस्त्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा जीव गेला. त्या दुर्घटनेच्या कारणांविषयी मी इथे काही म्हणत नाही. पण कापसाची उडणारी रुई आणि टॉवेलच्या थप्प्या ज्वालाग्राही असतात हे आपल्याला रोज दिसते. थप्प्या कमी केल्याने भांडवल मोकळे होते तसेच बाहेर पडण्याची वाटही मोकळी होते. मागांच्या विजेच्या मोटारींवरची आणि वायरींवरची रुई प्रत्येक पाळीला काढावी, मार्गिका पिवळ्या पट्ट्यांनी आखून त्यावर एकही गाडा उभा करू नये, आणि कारखान्यात कोणी राहत असेल तर ती सोय आधी बदलावी.

वाचलेल्या वेळेचे काय करावे

समजा, १८० मिनिटांतली ६० वाचली. म्हणजे मागामागे पाळीला तीन टॉवेल वाढले आणि सोळा मागांवर रोज ९६. ऑर्डर असेल तर आनंदच आहे. ऑर्डर नसेल तर हे ९६ टॉवेल विणून गोदामात टाकणे म्हणजे मिळवलेले गमावणे. अशा वेळी एक माग रोजच्या उत्पादनातून काढून प्रयोगासाठी राखून ठेवावा. नवकल्पना म्हणजे महाग यंत्र, हा समज इथे बाजूला ठेवावा लागतो. रेपिअर (धोट्याविना विणणाऱ्या) मागाचा वेग जास्त असतो, पण बीमची वाट पाहणारा रेपिअर माग साध्या मागाइतकाच उभा राहतो आणि त्याचा हप्ता मात्र चालू राहतो. शिलाई अडलेली असताना वेगवान माग घेतला तर फक्त थप्पीची उंची वाढते. आधी प्रवाह मोकळा करावा आणि यंत्राची खरेदी त्यानंतर ठरवावी.

प्रयोगाच्या मागावर काय करावे? लहान मुलांचे टोपीचे टॉवेल, व्यायामशाळेसाठी अरुंद टॉवेल, हॉटेलच्या बोधचिन्हाचा काठ, चादरीच्या नक्षीतून निघालेले टेबलावरचे कापड, असे नमुने पाच-दहा नगांचे काढावेत आणि थेट ग्राहकाला दाखवून किंमत विचारावी. आवडले म्हणणारे पुष्कळ भेटतात. आगाऊ पैसे देणारा भेटला की तो नमुना पुढे न्यावा. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि बाहेरगावचा माल सोलापुरी म्हणून विकला जातो ही आपली जुनी तक्रार आहे. मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून, तो शिक्का लावलेला पन्नास नगांचाही लॉट वेळेवर देता आला, तर नक्कल करणाऱ्याला न जमणारी जागा आपल्याला मिळते. पन्नास नगांचा लॉट परवडतो तो वर सांगितलेल्या बदलीच्या वेळेमुळे. म्हणून बदली वेगवान करणे हे नवकल्पनेचेच काम समजावे.

बाहेरची मदत

केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी एमएसएमई कॉम्पिटिटिव्ह (लीन) ही योजना सुरू केली. उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाला तिच्यात ऑनलाइन सहभागी होता येते. प्राथमिक, मध्यम आणि प्रगत असे तिचे तीन स्तर आहेत. प्राथमिक स्तर विनाशुल्क आहे, आणि पुढच्या स्तरांवर सल्लागाराच्या मार्गदर्शनाचा ९० टक्के खर्च सरकार उचलते. अर्ज करण्यापूर्वी निदान एक महिन्याचे थांबलेल्या मिनिटांचे कागद तयार ठेवावेत. सल्लागार आला की त्याला पहिल्या दिवशी कार्यालयात न बसवता एक पूर्ण पाळी मागाजवळ उभे करावे, ते कागद त्याच्या हाती द्यावेत, आणि त्याने सुचवलेला पहिला उपाय चार मागांवर करून रेघा कमी झाल्यावरच उरलेल्या बारा मागांविषयी बोलणे सुरू करावे.